वर गेलेला

३ मार्च
नवी नोकरी, नवी जागा. प्रयोगशाळा तळघरात आणि राहायची खोली बरोबर तिच्या डोक्यावर. चिमीने आल्याआल्या खिडकी आपल्या नावावर करून टाकली आणि हसली. तिची आई वारल्यापासून पहिल्यांदाच. खाली बसलं तरी झरोक्यातून तिचे पाढे ऐकू येतात. काम सोपं आहे. थंड टाकीत एकच कण, त्याच्या अवस्था दोनच. वर असला की दिवा पेटलेला, खाली आला की विझतो; थोड्या वेळाने यंत्र त्याला आपोआप पुन्हा वर चढवतं. मी वेळ टिपायची.

५ मार्च
आमच्या प्रमुखांना सगळे मास्तर म्हणतात. कण कधी पडतो, असं त्यांना विचारलं. म्हणाले, ते त्याच्या हातात कुठलं, शेजारी नडतात हो, आपल्यासारखंच! भोवती ऊब असली की लवकर पडतो. टक लावून बघत राहिलं तर अवघडून बसतो, पडतच नाही. पडताना जी ऊर्जा सुटते ती आजूबाजूचं कुणीतरी घेतं आणि घेणारं वर जातं. पण वर गेलेला कधीतरी खाली येतोच, म्हणाले. मग त्यांनी जीभ चावली. मी विषय बदलला.

९ मार्च
चार दिवस तेच वाक्य डोक्यात. सगळे जेवायला गेल्यावर टाकीचं जाड आवरण काढलं, तळवे टेकले. दिवा विझला. जिन्यावर डाव्या पायाची चप्पल घासली. चिमीची आई तशीच चालायची.

१० मार्च
पुन्हा तेच केलं. ती पाच पायऱ्या उतरली. धावत वर गेलो तर चिमी गार पडलेली. बऱ्याच हाकांनी उठली. म्हणाली, बाबा, मला कुणीतरी वर ओढत होतं.

११ मार्च
आवरण परत बांधलं. उपयोग नाही, दिवा विझतोच आहे. मास्तर म्हणाले, आत गेलेली ऊब लगेच निघत नाही. चिमीची मावशी उद्या चारला तिला न्यायला येते. तोवर दिव्यावरून नजर हलवायची नाही.

१२ मार्च
तीन वाजले. डोळ्यांची आग— चिमीला सांगितलंय, पाढा थांबवू नकोस. बारा पाचे साठ.
न बघता लिहितोय. ओळी एकमेकींवर—
चप्पल शेवटच्या पायरीवर. मागून ‘अहो’ म्हणते. ‘अहो, इकडे बघा ना.’
बघणार नाही. बारा सक बाहत्तर.
कानाशी ‘अहो’— बारा साते—
डोळ्यांवर हात. गार. दिवा दिसत नाही. वर चिमीचा पाढा अडला, बारा आठे—