होडीला दिलेलं नाव

तेलुक बायू, तेरेंग्गानू
बुधवार, दुपार

प्रिय लिदा,

रविवारी फोनवर तू म्हणालीस, "मक, शुक्रवारी कचेरीत जाते आणि पोरीचं नाव बदलून टाकते. होऊ दे एकदाचं तुमच्या गावाचं समाधान!" आणि मी नुसतं "बरं" म्हणाले. त्या "बरं"चा अर्थ होकार असा घेऊ नकोस, म्हणून हे पत्र. तुला माहीतच आहे, इथे फोन एकच, तोही हितामच्या कॉफीच्या दुकानात, आणि तिथे बोलणाऱ्यापेक्षा ऐकणारे जास्त. माझ्या पाठीमागे निम्मं गाव बशीत कॉफी ओतून बसलं होतं आणि सगळ्यांचे कान माझ्या खांद्यावर. तशात मी काय बोलणार? पत्र तुझा सावत्र मामा, पाक सू, घेऊन येतोय. उद्या सकाळच्या बसने निघेल, म्हणजे शुक्रवारच्या आत तुझ्या हातात पडेल. वाचून होईपर्यंत कचेरीची पायरी चढू नकोस, एवढं आईचं ऐक.

आधी बाळाचं. ताप पुन्हा आला का? डॉक्टरांनी दिलंय ते औषध वेळेवर देत जा, त्यात नावाबिवाचा घोळ आणू नकोस. बाळंतपणाचे चाळीस दिवस तुझ्याकडे राहून आले मी, त्या पोरीला चांगली ओळखते. दूध पिता पिता मधेच थांबते आणि छताकडे बघत विचार करत बसते. अशा मुलांचं वजन सावकाशच चढतं. तूही तशीच होतीस, आणि आता तुला दारातून आत घ्यायला दोन्ही फळ्या उघडाव्या लागतात. रागावू नकोस, तुझ्या नवऱ्याला वाचून दाखव, झुलही हसेल.

गावाचं म्हणणं तुझ्या कानावर कुणी घातलं ते मला कळलंय. मी नव्हे. "होडीचं नाव मायांग, पोरीचंही मायांग. एका नावाची ओढाताण चाललीय, मग पोर अंगाला कशी लागणार?" हेच ना? तू त्यावर म्हणालीस की मायांग नावाच्या बाकी सगळ्यांचं बरं चाललंय, मग माझ्याच पोरीवर का घसरता? तुझं म्हणणं खोटं नाही. तुझ्या आजोबांनी, आपल्या तोकनी, ती होडी पाण्यात सोडली, पहिल्याच हंगामात ती काठोकाठ मासळी घेऊन आली, आणि गावात त्या नावाचं पेवच फुटलं. हितामच्या बापाने दुकानावर मायांग अशी पाटी लावली. रोकियाहच्या बकरीचं नाव मायांग. आणि देरीसने तर कमाल केली, नारळ पाडणाऱ्या आपल्या माकडिणीलाच मायांग म्हणायला लागला. पोफळीच्या फुलोऱ्याचं इतकं नाजूक नाव, आणि ती वरून एकेक नारळ नेमका माणसाच्या डोक्यावर टाकायची. नाव सोनुबाई आणि हाती कथलाचा वाळा! लोक तोकना म्हणाले, जाऊन भांडा. तोक म्हणाले, "नाव काय माझ्या बापाची पेंड आहे? घेऊ दे त्यालाही थोडं."

म्हातारी सुईण एसाह तेव्हा हयात होती. तिला कुणीतरी नेमका तुझाच प्रश्न विचारला होता, की माकडिणीला हे नाव चालतं कसं? एसाह पान थुंकून म्हणाली, "माकडाला काय हवं ते म्हणा. त्याच्या कपाळावर तांदळाचं पाणी कुणी शिंपडलंय? होडीवर मी शिंपडलंय. तिथे नाव बसलंय. बाकी सगळी नुसती हाक." गावाचा हिशेब तेव्हापासून असा आहे. तुझ्या पोरीच्या सातव्या दिवशी मीच तिच्या कपाळावर ते पाणी शिंपडलं, म्हणजे आता दोन ठिकाणी नाव बसलं. शिंपडताना माझा हात थांबला होता, तुझ्या लक्षात आलं होतं. तू विचारलंस, "मक, नाव आवडलं नाही का?" मी म्हणाले, पाणी गार आहे.

पाणी गार नव्हतं, लिदा. तू ते नाव होडीवरून घेतलंस. लहानपणी तिच्या सावलीत खेळलीस, तिच्या नाळेवर, त्या पुढच्या टोकावर, बसून पाय हलवलेस, म्हणून. पण होडीला ते नाव आलं कुठून, हे तुला कुणी सांगितलं नाही. गावातल्या म्हाताऱ्यांना माहीत आहे, पण कुणी बोलत नाही, कारण उतरवलेलं नाव ज्या माणसाचं होतं त्याला जोडून तोंडातून काढायचं नसतं, ते परत येऊन चिकटतं म्हणतात. मी आज पहिल्यांदा कागदावर लिहितेय. मायांग मी होते.

तीन वर्षांची होईपर्यंत. माझ्या आईने ते नाव ठेवलं होतं. मग मला ताप लागला, उतरायचा आणि पुन्हा चढायचा, पोट फुगलेलं आणि पाय काड्या. तेव्हा इथे डॉक्टर कुठला? एसाह आली, मला उलटंसुलटं करून बघितलं आणि म्हणाली, "पोर चांगली आहे. नाव जड झालंय, तिला पेलत नाही." असं झालं की नाव बदलायचं, हे तुलाही ठाऊक आहे. पण तोकना ते नाव टाकवेना. माझ्या पाठीवरचं भावंड आणि आई दोन्ही त्याच वर्षी गेली होती, आणि बायकोने ठेवलेलं नाव असं वाऱ्यावर कसं सोडायचं? नदीकाठी त्यांची पहिली स्वतःची होडी तयार होत होती, फळ्यांच्या फटीत झाडाची साल भरायची तेवढी राहिली होती. ते एसाहला म्हणाले, "हिला पेलत नसेल तर लाकडाला पेलेल. तिकडे ठेव." एसाहने बिस्मिल्ला म्हणून तांदळाच्या पिठाचं पाणी माझ्या कपाळावर शिंपडलं, आणि वाटीत उरलेलं तसंच नेऊन होडीच्या नाळेवर. मग मला नवं नाव हवं होतं, शक्य तितकं हलकं, कुणाच्या डोळ्यांत न भरणारं. शेजारीण मूनाह तिथून पाण्याची घागर घेऊन चालली होती. झालं, मी मूनाह. पुढे पावसाळा सरला आणि मी बरी झाले. नाव उतरल्यामुळे की पाऊस थांबल्यामुळे, देव जाणे.

बरी झाले, पण कान जुनेच राहिले. तोक किनाऱ्यावरून ओरडायचे, "मायांग आली का?" की माझी मान वळायची. "मायांगला सावलीत ओढा, ऊन लागेल." ऊन लागेल! मी तिथेच डोक्यावर रिकामी टोपली घेऊन उन्हात उभी असायचे. दर हंगामाला तिला नवा रंग, आणि मला थोरल्या चुलतबहिणीचे जुने कपडे, तेही उलटे शिवून. हसू नकोस, मी त्या होडीचा मत्सर करायचे. एकदा तिच्या तळाला लाथही मारली होती आणि अंगठा सुजवून घेतला. लाकूड चांगलं होतं, तिला काही झालं नाही.

आणि तोकनी मला मूनाह अशी हाक कधीच मारली नाही. तू हे लहानपणापासून पाहिलंयस, तुला त्यात वेगळं वाटलं नसेल. "अगं ए", "पोरी", नंतर "लिदाची आई". माझ्या निकाहच्या वेळी काझींपुढे माझं नाव घ्यायचं होतं तेव्हा तेवढं त्यांनी घेतलं, तेही घसा खाकरून. मला वाटायचं, घागर घेऊन जाणाऱ्या बाईचं नाव, बापाच्या जिभेवर बसत नाही तर काय करणार. मी कधी विचारलं नाही. अशा गोष्टी आपल्या घरात कोण विचारतं? भाताबरोबर खारवलेल्या माशाचं बुदू वाढायचं आणि उठायचं.

म्हणून तुझ्या पोरीचं नाव ऐकून माझा हात थांबला. आनंद झाला आणि भीतीही वाटली, दोन्ही एकदम. मला वाटलं, इतकी वर्षं समुद्रावर फिरून ते आपलं आपण घरी आलं. आणि वाटलं, पुन्हा जड झालं तर? गावाची भीती मला मूर्खपणाची वाटते, पण रात्र पडली की वाटत नाही. हे तुला फोनवर कसं सांगणार होते?

आता रविवारचं पुढचं ऐक. तू फोन ठेवलास तेव्हा दुकानाच्या कोपऱ्यात तोक बसले होते. त्यांना डोळ्यांनी कमी दिसतं, पण कान अजून शाबूत आहेत. पोरीचं नाव आम्ही सगळ्यांनी त्यांच्यापासून लपवून ठेवलं होतं. त्यांनी मला विचारलं, "काय म्हणाली? पोरीचं नाव काय आहे?" अख्खं दुकान कपात बघायला लागलं. मी बापाला सांगितलं, "मायांग, आयाह. पण ती बदलणार आहे." तोकनी कॉफी संपवली, काठी घेतली आणि घराकडे न जाता नदीकडे गेले.

सोमवारी सकाळी बघते तर होडी काठावर ओढलेली, आणि तोक नाळेपाशी बसकण मारून छिन्नीला धार लावतायत. नाळेच्या फळीवर आपल्या जुन्या अक्षरांत त्यांनी स्वतः कोरलेलं ते नाव, तू बोटाने गिरवायचीस ते. पाक सू धावतच आला. होडी चालवतो तो, पोट तिच्यावर. म्हणाला, "आयाह, चालत्या होडीचं या वयात बारसं करतात का? मासे हसतील!" तोक म्हणाले, "हसू दे. हसले तर तोंड उघडतील, जाळ्यात लवकर येतील. तू हातोडी दे." बघ्यांची गर्दी जमली. रोकियाह म्हणाली, "आजोबा, पोरीचंच बदला ना, दोन महिन्यांचं नाव आहे, कोवळं. होडीचं जुनं, मुरलेलं." तेव्हा तोकनी हात थांबवला. म्हणाले, "एकदा पोरीचं काढून लाकडाला दिलं. लाकडाने जपलं, त्याचे उपकार. पण ठेवायला दिलेली वस्तू मागितली की परत करायची असते. पोरीकडून मी दुसऱ्यांदा नाही घेणार." मग दोन दिवस ते अंदाजाने, बोटांनी चाचपत, ती फळी सोडवून नवी कोरून बसवत राहिले. एक खिळा नाही त्या होडीत, सगळ्या लाकडी खुंट्या, त्यांनीच ठोकलेल्या. कुणाला हात लावू दिला नाही. पाक सू पहिल्या दिवशी रुसून बसला, दुसऱ्या दिवशी त्यांच्या डोक्यावर छत्री धरून उभा होता.

त्या फळीची त्यांनी काठी तासलीय, बाळाच्या कापडी पाळण्यात आडवी घालायची असते तशी. पाक सूबरोबर पाठवलीय. कोरलेल्या अक्षरांचा थोडा भाग तिच्यावर राहिलाय, तो मुद्दाम ठेवलाय म्हणाले. जुनी काठी काढ आणि ही घाल.

आज सकाळी होडी पुन्हा पाण्यात सोडली. मी पिवळा भात शिजवला, अर्धं गाव जेवायला आलं, देरीसच्या माकडिणीची नातसुद्धा. तांदळाचं पाणी घेऊन मी वाटी तोकच्या हातात दिली आणि नेहमीसारखी मागे, बायकांत जाऊन उभी राहिले. नव्या फळीवर काय कोरलंय ते त्यांनी कुणाला बघू दिलं नव्हतं, वर गोणपाट टाकलं होतं. त्यांनी गोणपाट काढलं, पाणी शिंपडलं आणि मोठ्याने हाक मारली, "मूनाह!" मी हलले नाही. इतक्या वर्षांची सवय, मला वाटलं होडीलाच हाक मारतायत, बारसंच चाललंय ना तिचं. त्यांनी पुन्हा हाक मारली. बायका मला ढोसायला लागल्या. तोक काठी आपटून ओरडले, "मूनाह, अगं तुलाच! तुझ्या नावाची होडी आहे, नाळेला हात तू नाही लावणार तर कोण?" मी पुढे गेले. गर्दीतून कुणीतरी म्हणालंच, पुन्हा एका नावाच्या दोघी झाल्या की! तोक म्हणाले, "हलकं नाव आहे. दोघींना पुरून उरेल." मग माझ्याकडे न बघता, नाळेवरून हात फिरवत, हळू म्हणाले, "उगाच घाबरलो इतकी वर्षं. वाटायचं, जिभेवर घेतलं तर हेही जड होईल." आम्ही दोघांनी मिळून ढकललं आणि ती गेली पाण्यात. लिदा, शुक्रवारी कचेरीत जाऊ नकोस. तुझी पोर मायांगच राहू दे. तिला हाक मारशील तेव्हा आता समुद्रावरून दुसरं कुणी ओ देणार नाही.

तुझीच मक,
मूनाह