टेपवाल्याला रंधा, अटीसह

मी, खाली सही करणारा, वय चोवीस, धंदा सुतारकाम, शिक्षण आठवीपर्यंत, आज पूर्ण शुद्धीवर, कोणी न शिकवता व कोणाला न घाबरता हे मृत्युपत्र लिहितो. मंगळवारी पोटाचे ऑपरेशन आहे. डॉक्टर म्हणतात, किरकोळ आहे. माझा अंगठा किरकोळ कामातच तुटता तुटता वाचला होता, म्हणून आधीच लिहून ठेवतो.

१. मागची खोली, पलंग व कपाट थोरल्या भावाला. कपाटाचे डावे दार ओढू नये, उचलून उघडावे. दहा वर्षे सांगतो आहे.

२. करवती, पटाश्या व काटकोनाचा गुण्या अभ्यासिकेला. वहिनीच्या भावाला यातले काहीही देऊ नये. त्याने माझ्या पटाशीने रंगाचे डबे उघडले होते.

३. अभ्यासिका म्हणजे गल्लीच्या टोकाला चार पदवीधरांनी नोकऱ्या सोडून मुलांसाठी काढलेली. मला त्यांचा हेवा वाटतो, हे कबूल करतो. ते अडखळत नाहीत. चुकले तर हसतात. मी चुकलो की लाकूड वाया जाते. त्यांच्यातल्या टेपवाल्याचा तर जास्तच. त्याच्या कमरेला मापाची कोरी टेप लटकलेली असते, आणि चौघांतली चष्मेवाली त्याच्याच शेजारी बसते.

४. त्याने वीस मुलांची मापे घेऊन प्रत्येकाचे वेगळे डेस्क माझ्याकडून करवून घेतले. "मिस्त्री, एक सूतही चुकता कामा नये." मुले वाढतात, हे पदवीधराच्या ध्यानात आले नाही. माझ्या आले होते. मी तोंडाला कुलूप लावले. वर्षभरात मुलांचे गुडघे फळीला लागू लागले. म्हटले, आता जिरली. तर चष्मेवाली हसून म्हणाली, "पोरं वाढली, हे बरंच झालं की. आता काय करायचं, मिस्त्री? तुम्हीच सांगा." मला असे आजवर कोणी विचारले नव्हते.

५. तेव्हापासून मी रोज संध्याकाळी तिथे बसतो. पायांना भोके पाडून, खुंटीने उंची वाढवता येईल असे डेस्क मी कागदावर काढले. दुसऱ्याच्या मापाने नाही, माझ्या डोक्याने. आकृती कपाटात वरच्या खणात आहे. सहा झाले, चौदा राहिले. टेपवाला मला नववीचे गणित शिकवतो. चांगले शिकवतो, याचाही राग येतो.

६. माझा रंधा टेपवाल्याला. अट अशी की पात्याला धार त्याने स्वतः लावावी व उरलेले चौदा डेस्क पुरे करावेत. हात सोलले की कळेल. मी बरा झालो तर रंधा त्याच दिवशी परत करावा.

७. चष्मेवालीला काहीही ठेवलेले नाही. ज्याला वाटा मिळतो त्याची साक्षीदार म्हणून सही चालत नाही, असे कोर्टाबाहेरच्या टंकलेखकाने सांगितले. साक्षीदाराने सगळे वाचून मगच सही करावी, ही विनंती.

ठिकाण: मागची खोली
दिनांक: सतरा, शनिवार
सही: मिस्त्री

साक्षीदार १: शेजारचा रंगारी. (घाईत होता, वाचले नाही.)

साक्षीदार २: चष्मेवाली. सगळे वाचले, दोनदा. त्याला रंधा धरताही येत नाही. चौदा तुम्हीच करायचे आहेत.