झग्यातली आई

१८ ऑगस्ट

दमलो. दिवसभर पांढरा झगा, तोंडावर जाळी, आत घामाची आंघोळ. कुंपणाच्या आत शब्द काढायचा नाही. खोकलाही गिळायचा! हातात क्रौंचाची लाकडी मान-चोच घालायची आणि चिखलातले किडे टिपून दाखवायचे. पिल्लांना वाटलं पाहिजे, आई शिकवतेय. माणूस आहे हे कळता कामा नये. माणसाला सरावलेला क्रौंच बाहेर सोडला, की कुणाच्याही जवळ जाऊन उभा राहतो आणि जिवाला मुकतो. आधीच रानात मोजकेच उरलेत.

घरी आल्यावरही तोंडातून शब्द फुटेना. ही म्हणाली, घरात तरी बोलत जा, इथं कुणी पिल्लू नाही.

२१ ऑगस्ट

काडीनं आज स्वतः मासा पकडला. पिल्लांना नाव द्यायचं नाही असा नियम आहे, पायातल्या कड्याच्या रंगावरून ओळखायचं. पण इथं लिहायला कोण अडवतंय? पायांच्या नुसत्या काड्या, म्हणून काडी. अंड्यातून निघाली तीच मरतुकडी. सुरुवातीला तिला वेगळं ठेवलं होतं, आणि तिच्याकडे फक्त मीच जायचो. आता थव्यात आहे. तरी मी आत शिरलो की सगळ्यांत आधी धावत येते. बरं वाटतं. वाटायला नको, पण वाटतं.

२२ ऑगस्ट

गुडघा ठणकतोय. झोपतो.

३ सप्टेंबर

आज परीक्षा झाली. झगा न घालता, रोजच्या कपड्यांत आत जायचं, ओरडायचं, पत्र्याचा डबा बडवायचा. माणूस दिसल्यावर पळालं ते पिल्लू पास. मी आणि ढोल्या गेलो. ढोल्या म्हणजे आमचा कुंपण-पिंजरेवाला, एकट्यानं दार अडवेल असा. डबा वाजला, थवा उधळला. काडी मात्र थेट माझ्याकडे आली! माझ्या बुटाची नाडी ओढत उभी राहिली.

आमच्या केंद्राच्या डॉक्टरीणबाई कुंपणाबाहेरून बघत होत्या. आणखी एक संधी मिळते. तेव्हाही हेच झालं तर तिला सोडता येणार नाही. मग जन्मभर पिंजरा.

५ सप्टेंबर

सगळ्यांचा एकच प्रश्न — हिनं माणसाचा आवाज ऐकला कधी? आणि विचारताना बघतात माझ्याकडे. ढोल्या म्हणे, एखादं गाणं गुणगुणला असाल. माझं डोकंच फिरलं. घरी बायकोशी बोलायचं विसरलेला माणूस मी, तिथं गाणी म्हणेन?

८ सप्टेंबर

डॉक्टरीणबाईंनी आज साध्या कपड्यांत एकेकाला आत पाठवलं. ढोल्या गेला, काडी पळाली. त्या स्वतः गेल्या, पळाली. मी गेलो, आली. म्हणजे ती माणसांना सरावलेली नाही. फक्त मला ओळखते. पण कशी? परीक्षेआधी माझा चेहरा तिनं कधी पाहिलेला नव्हता, आवाज ऐकलेला नव्हता.

रात्री जेवताना हिला सांगितलं. ही वाढता वाढता म्हणाली, "अहो, झगा घातला म्हणून चाल लपते होय? मी तुम्हाला गल्लीच्या टोकावरून ओळखते."

घास हातातच राहिला. शिडीवरून पडल्यापासून मी डावा पाय ओढत चालतो. आम्ही चेहरा झाकला, हात झाकले, आवाज गिळला. एवढी शिकलेली मंडळी, पण चालीचं कुणाच्या डोक्यात आलं नाही. माझ्याही नाही.

९ सप्टेंबर

डॉक्टरीणबाईंना चालीचं सांगितलं. आधी हसल्या. मी म्हटलं, सोपं आहे, मी आत जाणंच बंद करतो. त्या म्हणाल्या, जगात लंगडणारे तुम्ही एकटेच का? उद्या कुणीही पाय ओढत चालणारा दिसला, तर आई समजून ही त्याच्यापुढं उतरणार. तो बरा निघाला तर ठीक.

मग म्हणाल्या, "काका, या चालीची भीती तिला तुम्हालाच घालावी लागेल."

१४ सप्टेंबर

डबा बडवला. ओरडलो. नळीनं पाण्याचा फवारा मारला. ती भिजली, अंग झाडलं आणि आणखी जवळ आली. घाबरली की आईजवळ जायचं, हे मीच शिकवलंय ना! मग मी आणखी जोरात ओरडलो. शेवटी ढोल्यानंच हातातली नळी काढून घेतली. शेडमागं जाऊन रडलो. या वयात! लाज वाटली नाही, नुसता थकवा आला.

१९ सप्टेंबर

रोज तेच चाललंय. आज जवळ आली नाही. लांब उभी राहून बघत होती. पळालीही नाही. ही म्हणते, सोडा ती नोकरी, स्वतःच्या पोरांवर कधी आवाज चढवला नाहीत तुम्ही. घशाला कोरड पडलीय. हळद-दूध घेतलं.

२३ सप्टेंबर

पुन्हा पाणी, पुन्हा डबा. लिहावंसं वाटत नाही.

२८ सप्टेंबर

दुसरी परीक्षा. डबा नाही, ओरडणं नाही. फक्त चालत आत जायचं. काडी पाण्याच्या कडेला होती. मला बघितलं आणि दोन पावलं पुढं आली. माझा जीव टांगणीला. मग वळली आणि उडाली, थेट पलीकडच्या कोपऱ्यात. आधी ओळखलं, मग घाबरली.

पास! ढोल्यानं माझी पाठ थोपटली. डॉक्टरीणबाईंचे डोळे भरून आले. पेढे वाटण्याच्या गोष्टी चालल्या होत्या. मला फक्त घरी जायचं होतं.

७ ऑक्टोबर

आज सोडली. पिल्लं सोडायची त्या तळ्याजवळ मला जायची मनाई होती, म्हणून लांब, मोकळ्या रस्त्यावर थांबलो. थवा डोक्यावरून आला. शेवटून दुसरी काडी. मी चालायला लागलो — मुद्दाम, आहे त्याहून जास्त पाय ओढत. ती उतरली असती तर सगळ्यांची मेहनत पाण्यात गेली असती, हे मला ठाऊक होतं. तरी चालत राहिलो, वर बघत.

नाही उतरली.