दांडीचं माप

मंगळवार, दिवेलागणीची वेळ

झालं एकदाचं! घराच्या आत नवा संडास, कमोडसकट. परवा अश्विनीला साताऱ्याहून पहिल्या बाळंतपणाला आणायची. पोटुशी पोर घरात असताना फोडाफोडी चालणार नाही, असा बायकोचा हुकूम होता. म्हणून सहा आठवडे गवंड्याच्या मानगुटीवरच बसलो. फौजेत कधी मुदत चुकवली नाही, ही काय चुकवणार!

सगळ्यात झ्याक जमली ती भिंतीतली स्टीलची दांडी. सांगलीहून आणलेली. अवघडलेल्या पोरीला धरून उठायला बरी. गवंड्यानं माझ्या मापानं खुणा केल्या होत्या, त्या मी पुसायला लावल्या. अश्विनी आईच्या उंचीची. म्हणून बायकोला कमोडवर बसवलं आणि तिचा हात पोचेल तिथं दांडी लावली. हे डोकं माझं, लिहून ठेवतो.

आज बायको दांडी धरून उठली, पुन्हा बसली, पुन्हा उठली. मी विचारलं, "घट्ट हाय न्हवं?"

"लय घट्ट हाय. आवं, अश्विनीच्या येळंला नऊ महिन्यांचं पोट घिऊन गोठ्यामागं जायची मी. खांबाला धरून उठायची."

मला हे माहीतच नव्हतं. तेव्हा मी सीमेवर. पोरगी तीन महिन्यांची झाल्यावर रजा मिळाली. पण रिटायर होऊनही बारा वर्षं झाली की! मग आधी का नाही सुचलं?

ती दांडीवरून हात फिरवत म्हणाली, "माप माझं हाय. लेक गेल्यावर काढू नगासा."