बास घुमला म्हणून घेतलेला हेडफोन

रविवार, आर्वी. जेवणाआधी.

आज विहाराच्या कार्यक्रमात माझं गाणं वाजलं. बीट माझी, आवाज वहिनीचा. रेकॉर्डिंगसाठी ती पहिल्यांदाच माईकवर गायली होती. मोठ्या स्पीकरवर तिचा आवाज इतका चिरका आला, की पुढच्या बायकांनी कानांवर हात ठेवले. कानांवर हात! मंडळातल्या एकाने विचारलं तर मी काय म्हणालो? "वहिनीचा आवाजच तसा हाये." ती मागेच उभी होती.

घरी येऊन तिचं मूळ रेकॉर्डिंग टीव्हीवर लावलं. चांगला गोड आवाज आहे. बिघडवला मी. नागपूरच्या दुकानात दोन हेडफोन लावून पाहिले होते. एकात माझी बीट कच्ची वाटली. दुसऱ्यात बास, म्हणजे खालचा जाड आवाज, असा घुमला, की मी स्वतःवरच खूश झालो. तोच घेतला. मिक्सिंगला, म्हणजे आवाज आणि बीट जुळवायला, जसं आहे तसं ऐकवणारा पहिलाच बरा, हे ठाऊक नव्हतं का? ठाऊक होतं. त्या घुमण्यात वहिनी दबायची, म्हणून मी तिचा आवाज चढवत, धारदार करत गेलो.

स्वयंपाकघरात जाऊन तिला सगळं सांगितलं. पोळी लाटता लाटता तिने वर पाहिलंही नाही.

"मले काऊन सांगता, भाऊजी? लोकाइले सांगा ना."

ते कानांवरचे हात डोळ्यांपुढून जात नाहीत. शेवटी मंडळाच्या ग्रुपवर बोलून टाकलं, की चूक माझी आहे. सोबत तिचं नुसतं गाणं पाठवलं, बीटशिवाय.

आता आतून तेच ऐकू येतंय. फोनवर ती स्वतःला पुन्हा पुन्हा ऐकते आहे.