तीन मिनिटांत न बसलेलं कडवं

मास्तर,

तुमचं गाणं टीव्हीवर लागलं. जयंतीला आपल्या गल्लीत केबलवाला यायचा आणि दुसऱ्या दिवशी दाखवायचा, तसं नव्हे. देशाचं गाणं म्हणून लागलं. देशादेशांची एक गाण्याची स्पर्धा असते. प्रत्येक देशानं एकच गाणं पाठवायचं, ते सगळ्या देशांत एकाच वेळी दिसतं, आणि मग बाकीच्यांनी गुण द्यायचे. यंदा आपल्याकडून गेलं ते ‘बत्ती पुढं धर लेकी’. मीही गेले होते. मागे, कोरसमध्ये, डावीकडून दुसरी. तुम्ही असतात तर म्हणाला असतात, शेवटी झीलकरीच राहिलीस ना गं! राहिले. शाहिराच्या मागे उभं राहून त्याची ओळ उचलून धरायची, एवढंच मला आयुष्यात नीट जमलं. पण एवढ्यात चिडू नका. चिडण्यासारखं पुढे बरंच आहे.

तुम्हाला जाऊन सव्वीस वर्षं झाली. मी आता सोनिवलीला राहते, सहाव्या मजल्यावर. बदलापूरच्या एका शाळेत गाणं शिकवते, म्हणजे पोरं जांभया देतात आणि मी पेटी वाजवते. मधूनमधून स्टुडिओत कोरसला जाते. पालेगावला आमचं घर होतं तिथे बिल्डिंगा झाल्यात. ज्या बांधावरून मी तुमच्याकडे यायचे त्या बांधावर एका सोसायटीचं गेट आहे. मध्ये एकदा उगाच तिथे जाऊन उभी राहिले तर वॉचमन म्हणाला, “मॅडम, किसके यहाँ जाना है?” काय सांगणार त्याला?

तिथे भात होता, आठवतंय ना? मी नऊ वर्षांची, अंबरनाथला विहाराच्या हॉलमध्ये तुमची तालीम. तुम्ही कारखान्यातून सुटून थेट यायचात, हाताला ग्रीसचा वास, आणि तेच हात पेटीवर. तालीम संपेपर्यंत दिवेलागण होऊन जायची. आई मला न्यायला यायची, कंदील माझ्या हातात द्यायची आणि म्हणायची, तू पुढे हो. तिचं म्हणणं असं, की किडामुंगी पुढून येते आणि उजेडाला पळते, माणूस मागून येतो, त्याला मी बघते. एकदा वाऱ्यानं कंदील विझला आणि आम्ही दोघी चिखलानं माखून घरी पोचलो, हे तुम्हाला कुणीतरी सांगितलं. पुढच्याच रविवारी तुम्ही मला उल्हासनगरला घेऊन गेलात, कॅम्पातल्या एका सिंधी शेठच्या दुकानात, बॅटरी घ्यायला. शेठ म्हणाला, “साईं, ये ले जाओ. पानी में गिरेगी तो भी चलेगी.” आठ दिवसांत ती बांधावरून पाण्यात पडली आणि बंद पडली. तुम्ही तडक परत घेऊन गेलात. त्यानं ती उघडली, फडक्यानं पुसली, उन्हात ठेवली, तासाभरानं लावून दाखवली आणि म्हणाला, “बोला था ना?” तुम्ही इतके हसलात, मास्तर, तुम्हाला तसं हसताना मी फार वेळा पाहिलं नाही. ती बॅटरी मी अजून ठेवली आहे. लागत नाही.

आणि मग तो दिवस. तुम्ही पेटीचा भाता सोडता, चष्मा कपाळावर सरकवता, म्हणता, “ऐका रे, नवं आहे.” आई दाराशी उभी आहे, चपला हातात घेऊन, कारण ती कधी आत येऊन बसत नाही. तुम्ही तिच्याकडे न बघता गाता.

बत्ती पुढं धर लेकी, मागं मी आहे
वाट तुझी, पाय तुझे, सोबत मी आहे

आई पदर तोंडाला लावून बाहेर निघून गेली. घरी जाताना बांधावर मला एवढंच म्हणाली, “मास्तरांनी बघितलं आपल्याला.” म्हणजे ते गाणं कुठून आलं, कुणी केलं, कुणावर केलं, हे या जगात सगळ्यांत पक्कं कुणाला ठाऊक असेल तर मला. हे लक्षात ठेवा.

गाण्याला चार कडवी. चौथ्यात तुमचं नाव, रिवाजाप्रमाणे. आपल्यात गाणाऱ्यानं शेवटच्या कडव्यात स्वतःचं नाव गुंफायचं आणि झीलकऱ्यांनी ते उचलून दोनदा म्हणायचं. झीलकऱ्यांत काकू असायच्या, पेटीच्या उजव्या हाताला. काकूंनी तुमचं नाव कधी घेतलं नाही. “हे”, “पोरांचे बाप”, फार तर “मास्तर”. रेशनच्या रांगेत दुकानदारानं कार्ड कुणाच्या नावावर आहे विचारलं की मला पुढे ढकलायच्या, “तू सांग गं.” पण चौथं कडवं आलं की मान वर करून, सगळ्या बायांच्या वर आवाज काढून तुमचं नाव घ्यायच्या. एकदा नाही, दोनदा. मी बारकाईनं बघायचे त्यांच्याकडे. लाजायच्या नाहीत. उलट असा चेहरा, की आता कोण अडवतंय बघू.

मला वाटतं मी बारा वर्षांची असताना ते झालं. उल्हासनगरला कार्यक्रम होता, त्या दिवशी पुढे मी गात होते, आणि तिसऱ्या कडव्यालाच कुणी पाहुणे मंडपात शिरले. लोक उठून उभे राहिले, हार आले, मी घाबरून गाणं तिथेच संपवलं आणि खाली बसले. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. तुमच्या घरी गेल्यावर काकूंनी भाकरी वाढली, तुम्ही ताट बाजूला सारलंत आणि मला म्हणालात, “माझ्या बापानं कारखान्याची भिंत बांधली. त्या भिंतीवर मालकाच्या नावाची पाटी आहे, ठेकेदाराच्या नावाची आहे. बापाचं नाव कुठंय? तू सांग, कुठंय? आपलं नाव कुणी कुठं लिहीत नाही, बये. म्हणून आपणच गाण्यात घालतो. तू गाणं घेतलंस आणि मला घराबाहेर उभं केलंस.” काकू म्हणाल्या, “असू द्या, लहान आहे,” तर तुम्ही म्हणालात, “लहान आहे म्हणूनच सांगतोय.” त्यानंतर मी तुमचं एकही गाणं अर्ध्यावर सोडलं नाही. म्हणजे, परवापरवापर्यंत.

कुळगावचा एक मुलगा माझा जुना विद्यार्थी. आता तिशीचा आहे, घरीच कॉम्प्युटरवर गाणी करतो, चांगली करतो. त्याच्याकडे कोरसला गेले होते. मधल्या सुट्टीत चहा पिताना मी सहज गुणगुणत होते. तो म्हणाला, “टीचर, हे काय आहे? परत गा ना, पूर्ण गा.” मी गायले. सवयीनं चारही कडवी. त्याच्या अंगावर काटा आला, त्यानं हात पुढे करून दाखवला. मग म्हणाला, “सीरियसली, ये किसका है? शेवटी कुणाचं तरी नाव येतं ना?”

मास्तर, एवढंच तर विचारलं होतं त्यानं. आणि मी म्हणाले, “असतं रे जुन्या गाण्यांत, कुणाचं तरी नाव. गावाकडचं आहे. पारंपरिक.”

का म्हणाले? मी स्वतःला हजारदा विचारलंय. एक कारण तर सरळ आहे. तो त्या स्पर्धेसाठी गाणं शोधत होता, आणि मला भीती वाटली की नाव सांगितलं तर परवानग्या येतील, कागद येतील, वारसांच्या सह्या येतील, आणि हा मुलगा कंटाळून दुसरं काहीतरी शोधेल. मला जायचं होतं, मास्तर. अठ्ठेचाळीस वर्षांच्या बाईला एकदा विमानात बसून कुठेतरी गाण्यासाठी जायचं होतं. दुसरं कारण सांगायला जीभ रेटत नाही. तुमचं नाव घेतलं की ते कुठल्या वस्तीतलं, कुठल्या हॉलमधलं, हे लगेच कळतं. शाळेच्या स्टाफरूममध्ये मी आजवर कधी सांगितलेलं नाही की मी गाणं कुठे शिकले. कुणी विचारलं तर “घरीच, आईकडून” म्हणते. तो मुलगा तसला नव्हता, तो काहीच मनात आणणार नव्हता, हे मला आज कळतंय. पण तोंडाला जी सवय लागलेली होती तीच बाहेर पडली.

गाणं निवडलं गेलं. मग त्याचा फोन, “टीचर, नियम आहे, तीन मिनिटांच्या वर एक सेकंद चालत नाही. एक कडवं उडवायला लागेल. कुठलं उडवू?” मी खिडकीशी उभी होते, खाली कोणाची तरी गाडी रिव्हर्स घेताना टीं टीं वाजत होती. मी म्हणाले, “शेवटचं काढ.” तो म्हणाला, “पक्का? तेच मला सगळ्यात भारी वाटतं.” मी म्हणाले, “काढ रे.” बस, एवढंच बोलणं झालं.

तिथलं काय सांगू? थंडी, चकाचक स्टेज, प्रत्येक देशाची आपापली खोली, दारावर झेंडा. पुढे गाणारी मुलगी गोड, गळा तयार. चाल तुमचीच, वर ढोल आणि कॉम्प्युटरचे आवाज. आम्ही चौघी मागे. ‘मागं मी आहे’ ही ओळ आली तेव्हा मी ती बाकीच्या तिघींपेक्षा हळू म्हटली, कारण मागे खरोखर मीच होते आणि मी तिथे उभी राहून काय करून बसले होते ते मला माहीत होतं. तीन मिनिटं झाली, दिवे बदलले, पुढचा देश आला. नंबर मधेच कुठेतरी आला. आमच्या लोकांना फार वाईट वाटलं. मला नाही वाटलं.

परत आल्यावर काकूंच्या सुनेनं मोबाइलवर व्हिडिओ पाठवला. विहारात पडदा लावला होता, सगळी गल्ली जमली होती, पहिल्या खुर्चीत काकू, नवं लुगडं नेसून. गाणं सुरू झालं तसं पोरं ओरडली, “मास्तरांचं, मास्तरांचं!” गाणं संपलं, टाळ्या, शिट्ट्या. आणि त्या गोंधळात काकू हात वर करून सगळ्यांना गप्प करतायत. “थांबा रे! गाणं व्हायचंय अजून. ह्यांचं नाव यायचंय.” लोक खरंच गप्प झाले. पडद्यावर दुसऱ्याच देशाची बाई नाचत होती आणि काकू हात वर धरून बसल्या होत्या. सुनेनं खाली लिहिलं होतं, “बिचाऱ्या, त्यांना कळलंच नाही.” मी तो व्हिडिओ एकदाच पाहिला.

दुसऱ्या दिवशी गेले. तीच खोली, तोच ओटा. तुमच्या फोटोखाली पेटी झाकून ठेवलेली. काकूंनी चहा टाकला. आता एका डोळ्यानं कमी दिसतं, पण हात बरोबर साखरेच्या डब्यावर जातो. मला जवळ घेतलं, पाठीवरून हात फिरवला, म्हणाल्या, “तू तर घेतलंच असशील गं नाव. त्या टीव्हीवाल्यांनी कापलं, व्हय ना?”

मी म्हणाले, “हो काकू. त्यांनीच कापलं.”

“मेल्यांना तेवढंच नडत होतं,” त्या म्हणाल्या. मग हातातला चमचा खाली ठेवला. “मग हितं म्हण. हितं कोण कापतंय?”

मी ओट्याला टेकून चौथं कडवं म्हटलं. नावापाशी आले आणि थांबले. आणि मास्तर, काकूंनी उचललं. त्र्याऐंशी वर्षांच्या आहेत, सूर हलतो, पण मान तशीच वर. तुमचं नाव घेतलं. दोनदा. चहा उतू गेला, आम्ही दोघींनी जाऊ दिला.

काल त्या मुलाचा मेसेज आला. गाण्याची मोठी आवृत्ती काढतायत, तिला तीन मिनिटांचं बंधन नाही. विचारतोय, “टीचर, शेवटचं कडवं परत टाकू? आणि ते नाव कोणाचं होतं ते कुठे कळेल का?” मी उत्तर लिहून ठेवलंय. तुमचं पूर्ण नाव, अंबरनाथ, घरात काकू आहेत त्यांचा पत्ता. आणि खाली एक ओळ, ‘हे मला पहिल्यापासून माहीत होतं.’ ती ओळ मी चारदा पुसली आणि चारदा परत लिहिली. ती काढली तर मेसेज आत्ता जाईल, आणि कुणाला काही कळणार नाही, काकूंनाही नाही. ठेवली तर तो वाचेल, मग एक दिवस काकूंच्या सुनेलाही समजेल, आणि काकू मला विचारतील.

या पत्राचं सोडा, ते तुमच्यापर्यंत नेणारा पोस्टमन नाही. त्या मुलाचा नंबर मात्र माझ्या फोनमध्ये आहे, आणि तो मेसेजही अजून गेलेला नाही, मास्तर.