तळ्याकाठची तक्रार खिडकी

ती. ताईस, धाकट्याचा दमलेला नमस्कार.

तुझे गुडघे जिना चढू देतात का? भावोजींचा खोकला कसा आहे? (कळवलं नाहीस तरी चालेल, मला हल्ली वाईट बातमी ऐकवत नाही.) तुझी भावजय रविवारी बॅग घेऊन तुझ्याकडे आली, म्हणजे तिची बाजू तू ऐकलीच असशील. तिला परत ये म्हणायला मला तोंड नाही, म्हणून हे पत्र.

ते तळ्याकाठचं सरकारी उद्यान रविवारच्या सुट्टीसाठी तूच सुचवलंस. छोटंसं, शांत. सव्वीस वर्षं पाणीपुरवठा खात्याच्या तक्रार खिडकीवर बसलेल्या माणसाला आणखी काय हवं? तिनं थर्मास भरला, दोन कप घेतले आणि अट घातली, की एक दिवस फक्त तिच्याशी बोलायचं. मी कबूल झालो. मनापासून झालो ग. पण तळ्याकाठच्या बाकाला पाठ नव्हती आणि माझी कंबर तुला माहीत आहे. फाटकाजवळ रखवालदाराची टपरी होती, आत टेबल, पाठीची खुर्ची, समोर खिडकी. रखवालदार जेवायला गेला होता. म्हटलं, पाच मिनिटं टेकू.

टेकलो, तोच एक आजोबा खिडकीशी येऊन म्हणाले, नळाला पाणी नाही. ताई, माझा हात आपोआप खिशातल्या पेनाकडे गेला. (सुट्टीच्या दिवशीही पेन लागतंच. नसलं तर शर्ट एका बाजूला हलका वाटतो.) उद्यानाच्या नकाशांचा गठ्ठा होता, त्यांच्या मागच्या कोऱ्या बाजूवर लिहून घेतलं. मग रांगच लागली. बदकानं पोराच्या हातचा पाव पळवला, बाकाचा ओला रंग पँटला लागला, होडीला एकच वल्हं. एका निवृत्त मास्तरांची तक्रार होती की इथं फार शांतता आहे. तीही घेतली. तिनं बाकावरून दोनदा हाक मारली म्हणे. मी मान वर न करता थांबा अशी खूण केली. खिडकीवर मी सगळ्यांना तशीच करतो.

शेवटी एक बाई आल्या. मी नाव विचारलं, त्यांनी सांगितलं. आडनाव माझंच होतं, तरी माझी मान वर झाली नाही. तक्रार काय? माणूस ऐकून घेत नाही. कधीपासून? सव्वीस वर्षं. मी सगळं नीट लिहिलं, आठ दिवसांत कार्यवाही होईल म्हणालो आणि पुढच्याला बोलावलं. पुढे कोणीच नव्हतं. बाकावर थर्मास होता, दोन्ही कप भरलेले, चहा गार. ती बसनं गेली होती. मी दोन्ही कप प्यायलो. फार वाईट वाटलं ग, आणि अजून वाटतंय.

तुझा,
धाकटा

ता. क. येत्या रविवारी आठ दिवस पुरे होतात. काहीही सांग, पण तिला त्या बाकापर्यंत घेऊन ये. मी कंबरेला पट्टा बांधून बसेन. पेन याच पाकिटात घालतोय, ते तुझ्याकडेच ठेव.

ता. क. २ एक सांगायचं टाळत होतो. निघताना सगळे कागद मी सवयीनं खाली माझं नाव-पत्ता घालून उद्यानाच्या साहेबांच्या पेटीत टाकले, तिचाही त्यातच गेला. आज त्यांचं उत्तर आलं. नळ दुरुस्त झाला, वल्हं मागवलंय, आणि अखेरच्या तक्रारीतली बाब त्यांच्या अखत्यारीत येत नाही, अर्जदार बाईंनी घरीच दाद मागावी. ताई, तिला सांग, खिडकी उघडी आहे आणि रांगेत दुसरं कोणी नाही.